युनिट चारचा अधिकृत इतिहास

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.१०

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की आहे, कारण मीटिंगमध्ये मी घड्याळाकडेच बघत होतो. एचआरबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. म्हणाल्या, तुम्ही लिहिता ना?

लिहितो! गेम टेस्ट करताना बाकीचे 'पात्र भिंतीतून आरपार जातं' एवढं खरडून मोकळे होतात. मी दीड पान लिहितो. भिंत कशी होती, पात्राला जावंसं का वाटलं असेल, अशा वेळी खेळणाऱ्याच्या मनाची काय अवस्था होते. कोडवाले हसतात. हसोत. वर कोणीतरी वाचत होतं, हे आज कळलं.

कंपनी एका बड्या उद्योगसमूहाने विकत घेतली त्याला तीन महिने झाले. समूहाला आता कंपनीचा इतिहास हवा आहे. चाळीस माणसांतून तो मी लिहायचा.

दादाला फोन केला. म्हणाला, छान, पण तोंड सांभाळ, तीन वर्षांतली ही तिसरी नोकरी. लगेच कॉलेजवर आला. मी कॉलेज पाचव्या सेमिस्टरला तात्त्विक मतभेदांमुळे सोडलं, हे या घरात कोणाला समजतच नाही. परीक्षकांनी विचारलं, जर्नल कोणाचं उतरवलंस? मी ते त्यांच्यासमोर टराटरा फाडलं. (उतरवलंच होतं. पण विचारायची एक पद्धत असते.)

संकल्प: १. राग आवरणे. २. इतिहास महिनाअखेर पूर्ण. ३. तिला सांगणे.

ती म्हणजे साउंडवाली. आमचा गाजलेला गेम म्हणजे 'बोगदा'. खाणीत अडकलेला एक माणूस अंधारात बाहेरची वाट शोधतो, बस. पण लोक तो कानांनी खेळतात. त्यातला प्रत्येक आवाज तिचा. आता 'बोगदा ३' चालू आहे. ती इथे सहा वर्षं, मी चौदा महिने. वयात पाच वर्षांचं अंतर. इतिहासात पाच वर्षं म्हणजे काहीच नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

समूहाकडून फॉर्म आला. प्रत्येकाकडून भरून घ्यायचा, मग त्यावरून मी इतिहास रचायचा. प्रश्न सहा:

नाव. काय करता. कसं करता, पायऱ्यांसह. हे आणखी कोणाला येतं. तुम्ही रजेवर असताना काय अडतं. एक गोड आठवण.

चौथा प्रश्न कशाला, असं मी एचआरबाईंना विचारलं. इतिहासकाराने शंका घ्यावीच. त्या म्हणाल्या, इतिहासात साखळी दिसली पाहिजे, कोणाकडून कोणाकडे विद्या गेली. बाई दिसतात तशा नाहीत. खोल आहेत.

सहावा प्रश्न त्यांनी स्वतः घातलाय म्हणे.

आज सगळ्या खुर्च्यांच्या पाठीवर नंबरचे स्टिकर लागले. माझ्या खुर्चीवर नाही. मुद्दाम वगळली असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

थोरल्यांची मुलाखत. थोरले म्हणजे ज्यांनी कंपनी काढली ते. त्यांची केबिन गेल्या महिन्यात फोकस रूम, म्हणजे एकाग्र होण्याची खोली, झाली, म्हणून ते पॅन्ट्रीत फ्रिजशेजारी बसतात. फ्रिज उघडायचा असला की उठून बाजूला होतात.

काय माणूस! एकतीस वर्षांपूर्वी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मेहुण्याबरोबर पत्र्याची चावीची खेळणी बनवायचे. नाव 'कंदील खेळणी'. खेळणी खपेनात. मेहुण्याने कुठून तरी एक कॉम्प्युटर उचलून आणला आणि त्याच्यावर पत्र्याचं कासव चालवून दाखवलं. झालं 'कंदील गेम्स'. मग एका प्रकाशकाने अर्धी कंपनी घेतली, नाव 'केजी इंटरॅक्टिव्ह'. मग प्रकाशकालाच समूहाने घेतलं. थोरले म्हणाले, पाटी बदलत गेली, खिळे तेच.

हे मी ठळक अक्षरात लिहून घेतलं.

जाताना म्हणाले, काहीही लिही बाबा, पण मेहुण्याचं नाव गाळू नकोस, मला घरी जेवायला मिळायचं नाही. मी शब्द दिला. मी शब्द दिला की दिला.

पहिली आवृत्ती: चौदा पानं. सुरुवात पत्र्याच्या कासवापासून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. ४.४५

चौदा पानं लाल होऊन परत आली. समूह खेळणी बनवत नाही, सबब खेळणी नकोत. खेळणी नकोत म्हणजे सायकलचं दुकान नको. दुकान नको म्हणजे मेहुणा नको. इतिहास 'केजी इंटरॅक्टिव्ह'पासून सुरू करा. मी विचारलं, मग थोरले कुठून आले? एचआरबाई म्हणाल्या, ते 'प्रेरणा' या शब्दात येतात.

माझं डोकं भणभणलं. राजीनामा खरडला, दोनच ओळी, दोन्ही उद्धट. उठलो तेवढ्यात ती समोरून आली. तिने विचारलं, तुझ्याकडे स्टेपलर आहे का? दिला. आमची बोटं जवळजवळ लागली. अशा मनःस्थितीत माणूस राजीनामा कसा देणार?

शिवाय पुनर्लेखन सांगतात म्हणजे गांभीर्याने घेतायत. दुसरी आवृत्ती पूर्ण. नऊ पानं. मेहुण्याचं नंतर कुठेतरी तळटीपेत बसवीन.

९ फेब्रुवारी, सोमवार

थोरले आले नाहीत. फ्रिजशेजारची खुर्ची रिकामी, पाठीवर सतरा नंबर. वॉचमन म्हणाला, साहेबांचं कार्ड शनिवारी गेटवर चाललं नाही. तीनदा लावलं, पुसून लावलं, मग म्हणाले राहू दे.

थोरले आता सल्लागार आहेत, असं बाईंनी सांगितलं. घरून.

मी शुक्रवारी मजकुरातून काढलं आणि सोमवारी माणूस नाही. योगायोग म्हणू शकत नाही. समूह माझा इतिहास किती बारकाईने वाचतो आणि किती तत्परतेने अमलात आणतो! लेखणीला वजन असतं म्हणतात ते हेच. जरा भीतीही वाटली. पण मोठ्या लेखकांना ती वाटतेच.

११ फेब्रुवारी, बुधवार

बुवांचा फॉर्म. बुवा म्हणजे गेमचं मूळ इंजिन, म्हणजे सगळं ज्यावर चालतं तो प्रोग्रॅम, ज्यांनी लिहिला ते. त्यांच्यावर कधी कशाचाच परिणाम होत नाही, म्हणून बुवा. आग लागली तरी आधी फाइल सेव्ह करतील. फॉर्म त्यांनी पाव मिनिटात भरला. काय करता: काम. कसं करता: डोक्याने. आणखी कोणाला येतं: नाही. रजेवर असताना काय अडतं: सगळं. गोड आठवण: नाही.

मी म्हटलं, बुवा, हा इतिहास आहे, जरा मोकळे व्हा. ते म्हणाले, बाळा, तू इतिहास लिहितोयस की पंचनामा?

जळतात. वीस वर्षं मान मोडून काम केलं, पण लिहायला कोणी सांगितलं नाही. मी समजू शकतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जोडगोळीचे फॉर्म आले. हे दोघं गेममधले बोगदे आखतात. एकत्र येतात, एकत्र जेवतात, एकाला शिंक आली तर दुसरा नाक पुसतो. 'हे आणखी कोणाला येतं' यापुढे दोघांनी एकमेकांची नावं लिहिली आहेत. रजेवर असताना काय अडतं? पहिल्याने लिहिलंय, काही नाही, तो आहे ना. दुसऱ्यानेही तेच.

डोळ्यांत पाणी आलं. प्रकरणाचं नाव 'मैत्र'. एचआरबाईंनाही फार आवडलं. दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत होत्या.

१५ फेब्रुवारी, रविवार. घरी.

वहिनीने आज खिंडीत गाठलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, भावोजी, आज सकाळपासून तिसऱ्यांदा साउंडवालीचं नाव निघालं, तेव्हा एकदा काय ते सांगून टाका. मी म्हटलं, योग्य वेळी. तिने विचारलं, ती चहात साखर किती घेते? मी म्हटलं, वहिनी, आमचं नातं त्या पातळीवरचं नाही. वहिनी म्हणाली, बरोबर, ते अजून कुठल्याच पातळीवर नाही. दादा पेपरामागून हसला. पेपर हलत होता.

या घरात प्रेमाला किंमत नाही. जेवलो मात्र. भूक वेगळी, स्वाभिमान वेगळा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जोडगोळीतला एकच आला. कुठला ते आधी कळेना, कारण एकटा कधी पाहिलाच नव्हता. जेवायला बसला, डबा उघडला, बंद केला, उठला. मी विचारलं, तो कुठेय? माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच लपवून ठेवलाय. मग म्हणाला, मी कशाला लिहिलं रे त्याचं नाव.

बदली झाली असणार. समूहाची युनिटं बरीच आहेत. आपलं नाव आता 'युनिट चार' आहे. सकाळी पाटी बदलली. खिळेसुद्धा नवीन.

ऑफिसात नवे दिवे बसवलेत. खाली कोणी हललं किंवा मोठा आवाज झाला तरच लागतात. पलीकडची अर्धी बाजू दिवसभर काळोखात असते. विजेची बचत! अशा गोष्टींचीही इतिहासात नोंद हवी.

तिसरी आवृत्ती: पाच पानं. सुरुवात समूहापासून. 'मैत्र' प्रकरण गाळलं, कारण मैत्र म्हणायला आता एकच उरलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. ११.३०

ती फॉर्म भरणार नाही म्हणते. बुवांनी कान भरलेत. तोंडावर म्हणाली, तू ते कागद घेऊन माझ्या दारात येऊ नकोस, मला धडकी भरते.

माझा संताप संताप झाला. तिच्यावर नाही, परिस्थितीवर. 'बोगदा'चा इतिहास आणि त्यात ती नाही? रागाच्या भरात कागदाच्या टोपलीला लाथ मारली. टोपली लोखंडी निघाली. (संकल्प एक: उद्यापासून.)

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मिळवलं! लंगडतोय हे बघून तिलाच दया आली. म्हणाली, ये, बस, पण फॉर्म बाहेर ठेव.

साउंडची खोली म्हणजे एक मोठं कपाटच. भिंतींना स्पंज. आत गेलं की आपलं रक्त ऐकू येतं. तीन तास तिने मला सगळं दाखवलं. ट्रेमध्ये ओली खडी. डाव्या पायात नुसता बूट, उजव्या बुटात ओला मोजा कोंबलेला, म्हणून तो खाणवाला दमलेला वाटतो. दर काही पावलांनी ती अर्धा श्वास उशीर करते, कारण घाबरलेला माणूस मागे कोणी येतंय का ते ऐकतो. जुना चामड्याचा पट्टा पिळला की खाणीचे टेकू कुरकुरतात. श्वास तिचाच, बर्फाच्या पाण्याने तोंड धुऊन घेतलेला.

ती चालत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो. खरंच वाटलं, की अंधारात कोणीतरी माझ्याच दिशेने येतंय.

मग तीच बोलत राहिली. घरी आई अंथरुणाला खिळलेली, घर हिच्यावर. मागच्या वर्षी दुसरीकडून बोलावणं आलं होतं, 'बोगदा ३' हातात आहे म्हणून नाही म्हणाली. आणि म्हणाली, हे मी तुला सांगितलं हं, फॉर्मला नाही. लिहू नकोस. मी शब्द दिला.

संकल्प तीन आज पूर्ण होणार होता. ऐन वेळी खोकला आला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५.५०

लिहिलं.

आधी माझी बाजू. शब्द दिला होता हे खरं. पण तो फॉर्म भरणार नाही असा दिला होता, आणि मी फॉर्म भरला नाही, मी ग्रंथ लिहिला. बावीस पानं. खडी किती ओली, मोजा कसा कोंबायचा, श्वास नेमका कुठे अडवायचा, सगळं. एक शब्द वाया नाही. दुसऱ्या कोणी तिच्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलंय का? तिला वाचायला मिळेल तेव्हा तिलाच कळेल की हे काय आहे. संकल्प तीन पूर्ण झाल्यातच जमा.

आणि प्रश्न चार! हे आणखी कोणाला येतं? इथे मी अर्धा तास थांबलो. मग माझं नाव लिहिलं. तिच्या नावाखाली माझं नाव, एकाच कागदावर, अधिकृत. लग्नपत्रिकेवर असतं तसं. रजेवर असताना काय अडतं? 'काही अडणार नाही. मी आहे.'

एचआरबाईंनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, आजवर आलेला हा सर्वांत उपयोगी फॉर्म. त्यांना एवढं हसताना मी प्रथमच पाहिलं.

बुवांना दाखवलं, जरा टेचातच. त्यांनी चौथा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता जा आणि मागे घे. त्या दोन पोरांनी एकमेकांचं नाव लिहिलं, त्यातला एक गेला, तुझ्या डोळ्यांवर काय कातडं ओढलंय का? मी म्हटलं, बुवा, त्यात मैत्र होतं, इथे प्रेम आहे, फरक आहे. ते म्हणाले, समूहाला फरक कळतो असं तुला वाटतं? मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. जरा मोठ्याने म्हटलं. पलीकडचे दिवे लागले.

जाणार होतो मागे घ्यायला. खरंच. पण बाई निघून गेल्या होत्या, आणि सोमवार काही लांब नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार. ९.४०

बाईंच्या दारावर टकटक केली. त्या म्हणाल्या, कशासाठी? मी म्हटलं, त्या बावीस पानांबद्दल. त्या म्हणाल्या, वरपर्यंत पोचली, फार कौतुक झालं. आता कौतुक झाल्यावर मागे कसं घेणार? शोभलं नसतं.

३.१५

काचेच्या मीटिंग रूमला आतून ब्राउन पेपर लावलाय. तिला आत बोलावलं आहे. वीस मिनिटं झाली.

बढती. दुसरं काय असणार? ग्रंथ वाचला असेल. पेपर लावलाय म्हणजे गुप्त असणार.

जिन्यात थांबतो. आज सांगूनच टाकतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

ती खोका घेऊन खाली आली. मी घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही. तिने विचारलं, तुला माझं काम येतं? मी म्हटलं, तसं नाही, ते एका अर्थाने होतं. ती म्हणाली, बाई मला वाचून दाखवत होत्या. म्हणाल्या, हे आणखी एकाला येतं. मी विचारलं, कोणाला? तर तुझं नाव. अरे, दिवाळखोरा, चार महिन्यांपूर्वी तू मला विचारलं होतंस की हेडफोनची डावी बाजू कशी ओळखायची.

मी म्हटलं, मी मुद्दाम नाही केलं. ती म्हणाली, मुद्दाम केलं असतंस तर निदान चिडता आलं असतं.

आणि म्हणाली, घरी जाऊन आईला काय सांगू? सहा वर्षं मी काय करत होते, तर बावीस पानांत बसतं तेवढं?

खोका तिने गुडघ्यावर टेकवला, पकड बदलली आणि गेली. मी तिसऱ्या पायरीवर होतो. माझं सांगायचं राहिलं. वेळ योग्य नव्हती, हे मलाही कळतं.

आज घरी वहिनीने काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

माझं टेबल साउंडच्या खोलीत हलवलं. हुद्दा: ध्वनी व इतिहास. दादाला कळवलं नाही.

मी तिची जागा घेतलेली नाही. राखतोय. गाडीत माणूस रुमाल टाकून ठेवतो तसा मी रुमाल आहे.

खडी ओली केली. मोजा कोंबला. चाललो. माझ्याच ग्रंथाची पानं समोर उघडी. रेकॉर्डिंग बुवांना ऐकवलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, हा माणूस चालत नाहीये, टोस्ट खातोय.

पुन्हा केलं. सतरा वेळा. आता टोस्ट चहात बुडवून खातोय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एचआरबाई आल्या नाहीत. त्यांच्या जागी समूहाचा माणूस बसलाय, त्याच खुर्चीत, पाठीवर नऊ नंबर. वॉचमन म्हणाला, बाईंनी स्वतःचाही फॉर्म भरला होता. चौथ्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, मुख्य कार्यालयातल्या कोणालाही.

समूहाच्या माणसाने मला चौथी आवृत्ती मागितली. युनिट चार या जानेवारीत सुरू झालं, त्याआधी काही नव्हतं, अर्धं पान पुरे. आणि 'बोगदा'च्या पहिल्या दोन भागांच्या श्रेयनामावलीतून जुनी नावं काढा, तुमच्याकडे यादी असेलच. जुन्या खेळांतूनही! जे होऊन गेलं त्यातून!

यादी माझ्याकडे आहे. मीच केलेली. सगळ्यांची नावं त्यात माझ्या सुबक मांडणीत आहेत, अकारविल्हे.

मी ताडकन म्हटलं, नाही काढणार. तो म्हणाला, ठीक आहे, आणि आपल्या कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली. म्हणाला, झालं.

आवाजही चढवला नाही त्याने. माणसाला रागवायला निदान समोरून थोडी मदत तरी हवी.

१ मार्च, रविवार

तिला फोन केला. सहाव्या वेळी उचलला. पाठीमागून आईचा कण्हण्याचा आवाज येत होता. मी क्षमा मागायला लागलो, तिने थांबवलं. म्हणाली, माफी नको, ती पानं काढून टाक. दुसरीकडे विचारायला जाते तर म्हणतात, तुमचं तंत्र युनिट चारच्या नावावर आहे, ते इथे वापरता यायचं नाही. माझे पाय माझ्या नावावर नाहीत, असं सांगतात मला.

ऑफिसची फाइल घरून उघडली. बावीसच्या बावीस पानं. लेखक: युनिट चार. खोडायला गेलो तर म्हणे, आपल्याला फक्त वाचण्याची परवानगी आहे.

माझं नावही गेलं. हे तिला सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

२ मार्च, सोमवार

दिवसभर विचार केला आणि सापडलं! इतके दिवस सुचलं कसं नाही!

ती का गेली? कारण कागदावर लिहिलंय की तिचं काम मला येतं. मीच गेलो तर? तर तिचं काम कोणालाच येत नाही. 'बोगदा ३' अडला. समूह हात जोडून तिच्या दारात. तंत्र, नाव, खोली, सगळं परत. ती विचारेल, हे कोणी केलं? बुवा सांगतील.

बुद्धिबळात याला काहीतरी नाव आहे.

राजीनाम्याचा मसुदा, पहिला: चार पानं. वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, भावोजी, आधी सगळं गमावायचं आणि मग फेकल्याचा आव आणायचा, हे कॉलेजच्या वेळीही असंच केलं होतंत. काही माणसं निकाल लागल्यावरच समजतात.

३ मार्च, मंगळवार

मसुदा चौथा. अकरा मुद्दे. सातव्या मुद्द्याला आवाज खाली आणायचा, नवव्याला थेट डोळ्यांत बघायचं. आरशासमोर सराव केला. उद्या सकाळी दहा.

४ मार्च, बुधवार. १०.५०, जिन्यात

बुवांना आधी सांगितलं. म्हटलं, बुवा, चाललो, आता तिला बोलवावंच लागेल. ते काही तरी म्हणणार होते. मग म्हणाले, जाऊन ये.

समूहाच्या माणसाने मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. पहिला मुद्दा काढला. दुसऱ्यावर त्याने नम्रपणे विचारलं, तुम्ही सोडताय का? मी म्हटलं, हो, आणि माझ्याबरोबर या युनिटमधला आवाजही जाईल. हा खरं तर अकरावा मुद्दा. घाईत आधी आला.

तो म्हणाला, नाही, नाही, त्याची काळजी करू नका. आणि खरंच आश्वासक चेहऱ्याने म्हणाला, तुमची पुस्तिका फार चांगली आहे. आम्ही ती युनिट सहाला दिली होती. त्यांनी शुक्रवारीच काम करून पाठवलं. ऐकायचंय?

माझ्या हो-नाहीची वाट न बघता त्याने लावलं.

ओली खडी. एक पाय जड. श्वास. थांबणं. पुन्हा पाऊल. अंधारात कोणीतरी चालत येत होतं, दमलेलं, घाबरलेलं, आणि तिथे तिच्यातलं सगळं होतं. ती नव्हती. मी टेस्टर आहे. चूक शोधायला कान लावले. भिंतीतून आरपार जाणारी माणसं मी शोधून काढलीत, एक तरी चूक सापडेल म्हणून शेवटपर्यंत ऐकलं.

सापडली नाही.

त्याने विचारलं, काही सुचवायचंय? मी म्हटलं, नाही. त्याने फॉर्म पुढे केला, जाणाऱ्यांचा, त्यात प्रश्न एकच: आपल्याकडचं काही काम अपुरं आहे का. मी लिहिलं, नाही. हातातली चार पानं त्याने मागितली नाहीत, मीही दिली नाहीत.

बाहेर येताना दार असं आपटायचं ठरवलं होतं की पलीकडच्या काळोखातले सगळे दिवे लागावेत. हात मागे नेऊन जोरात ढकललं. दाराच्या वर तो धक्का जिरवणारा तेलाचा दांडा आहे. दार अर्ध्यात आलं, अडखळलं, आणि मग स्वतःच्या वेळेने, हळूहळू, लागलं. तोवर मी तिथेच उभा होतो.